पन्नाशीनंतरचा व्यवसाय आणि तासाला बत्तीस रुपये

चिंचेचा_पार (३ जून)

नमस्कार. माझे वय ५१ असून मी सांगलीत राहते. १९९५ साली रसायनशास्त्राची पदवी घेतल्यावर दोन वर्षे एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. लग्नानंतर ती सुटली आणि पुढची सव्वीस-सत्तावीस वर्षे मुलांची शाळा, सासऱ्यांचा अर्धांगवायू आणि सासूबाईंचे शेवटचे आजारपण यांत गेली. आता घर शांत झाले आहे आणि अंगात काम करण्याची ताकद अजून शिल्लक आहे, म्हणून हा धागा काढते आहे.

गेली तीन वर्षे दिवाळीच्या आधी मी चकलीची आणि थालिपिठाची भाजणी करून ओळखीच्या लोकांना विकते. गेल्या दिवाळीत २६० रुपये किलोने ८६ किलो भाजणी गेली, म्हणजे २२,३६० रुपये हाती आले. घरात कौतुक झाले, पेढे आले. सनदी लेखापालाचा अभ्यास करणारी माझी मुलगी सुट्टीत घरी आली होती. तिने माझी वही मागून घेतली आणि खर्च मांडायला बसली. धान्य, डाळी आणि धणे-जिरे यांचे ९,८९० रुपये, दळणाचे ८६०, गॅसच्या तीन सिलिंडरचे २,७००, पिशव्या आणि लेबलांचे १,२९० आणि माल पोहोचवण्याच्या रिक्षा-पेट्रोलचे ७४०, असा एकूण खर्च १५,४८० झाला. उरले ६,८८०. तोवर मी खुशीत होते. मग तिने विचारले, "आई, तुझे तास किती लागले?" ते मी कुठेच लिहिले नव्हते. एकेक दिवस आठवून आम्ही बेरीज केली, ती २१५ तासांची निघाली. म्हणजे तासाला ३२ रुपये. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींना मी तासाला याच्या दुपटीहून अधिक देते.

मुलीचे म्हणणे असे की मजुरी तासाला ८० रुपये धरली तर १७,२०० रुपये मजुरीचेच होतात, आणि नफ्याचा एक पैसाही न घेता किलोला ३८० रुपये भाव लावावा लागतो. यजमानांचे म्हणणे असे की ३८० रुपयांनी कोणी भाजणी घेणार नाही, आणि पैशाची निकड नसल्यामुळे माझा वेळ चांगला जातो हेच पुष्कळ आहे. मला मात्र वेळ घालवण्यासाठी हा उद्योग करायचा नाही. वर्षभर चालणारा, स्वतःच्या नावाचा व्यवसाय करायचा आहे. ज्यांनी पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर व्यवसाय किंवा नोकरी सुरू केली त्यांनी स्वतःच्या कष्टांचे पैसे हिशेबात कसे धरले, भांडवल कोठून आणले आणि वयामुळे नेमके काय अडले, हे सविस्तर लिहावे ही विनंती.

सावलीतली_उन्हे

तुमचा आकडा वाचून मी माझ्या शिवणकामाचा असाच हिशेब करायला घेतला आणि चौथ्या ब्लाउजनंतर सोडून दिला. पुढे काय निघणार ते दिसू लागले होते.

जुनी_खातेवही

ताई, मी एका राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालो. ३४ वर्षांच्या नोकरीतली ११ वर्षे कर्ज विभागात गेली. भांडवलापुरते लिहितो.

मुद्रा योजना एप्रिल २०१५ मध्ये सुरू झाली. तीत ५० हजारांपर्यंतचे कर्ज 'शिशु', ५ लाखांपर्यंतचे 'किशोर' आणि १० लाखांपर्यंतचे 'तरुण' या गटात मोडते. २०२४ च्या अर्थसंकल्पात 'तरुण'ची परतफेड नीट केलेल्यांसाठी मर्यादा २० लाखांवर नेली आहे. तारणाची काळजी करू नका, कारण सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या निदान १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये अशी रिझर्व्ह बँकेची सूचना २०१० पासून आहे. घर यजमानांच्या नावावर असल्यामुळे आपल्याला कर्ज मिळणारच नाही, असे गृहीत धरून माघारी गेलेल्या बाया मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत, आणि त्यांना थांबवून ही सूचना सांगणारे अधिकारी, खरे सांगायचे तर, थोडेच होते.

केंद्राच्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात वयाची खालची अट १८ आहे, वरची नाही. महिला अर्जदार विशेष गटात धरल्या जातात. त्यांनी प्रकल्पखर्चाचे पाच टक्के स्वतः घालायचे असतात आणि अनुदान शहरी भागात २५ टक्के, ग्रामीण भागात ३५ टक्के मिळते. राज्य शासनाची तशीच योजना २०१९ साली सुरू झाली तेव्हा तिच्यात वयाची वरची मर्यादा ४५ होती आणि महिलांना पाच वर्षांची सवलत होती. त्या नियमाने तुम्ही एका वर्षाने चुकला असता. अर्ज करण्याआधी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन सध्याचा नियम विचारून घ्यावा. लहान उद्योगांची सरकारी 'उद्यम' नोंदणी जुलै २०२० पासून आधार क्रमांकावर होते आणि तिला शुल्क नाही. त्यासाठी पैसे मागणारे जे कोणी भेटेल ते दलाल समजावे.

वयामुळे अडते ते वेगळ्या ठिकाणी. तुमच्या नावावर आजवर कोणतेही कर्ज किंवा क्रेडिट कार्ड नसेल, तर कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या सिबिल संस्थेचा अहवाल उणे एक दाखवतो. याचा अर्थ पत वाईट आहे असा नसून परतफेडीची नोंदच नाही असा आहे. पंचविशीतल्या मुलीच्या बाबतीत ते स्वाभाविक मानले जाते, पन्नाशीतल्या बाईकडे मात्र या कारणाने संशयाने पाहिले जाते. म्हणून आजच व्यवसायासाठी स्वतंत्र चालू खाते उघडावे, सगळी विक्री त्यात जमा करावी आणि उत्पन्न करपात्र नसले तरी या वर्षापासून स्वतःचे आयकर विवरणपत्र भरावे. दोन वर्षांची विवरणपत्रे हातात असली की कर्ज विभागातला संवादच बदलतो.

मजुरीबद्दल एक गोष्ट तुमच्या मुलीला ठाऊक असेलच. एकट्या मालकीच्या व्यवसायात मालकाने स्वतःला दिलेला पगार आयकराच्या हिशेबात खर्च म्हणून धरता येत नाही. ती 'उचल' असते. तरीही भाव ठरवताना ती धरलीच पाहिजे. ज्या प्रकल्प अहवालात मालकिणीची उचल शून्य दाखवलेली असे तो माझ्या टेबलावर आला, की मी समजून जात असे की या बाई चार महिन्यांनी थकणार आहेत किंवा हा धंदा त्यांचा नाहीच. अर्ज बाईच्या नावाने आणि उत्तरे यजमानांची, अशा मुलाखती मी शेकड्याने घेतल्या. आम्हीही प्रश्न यजमानांनाच विचारत होतो, हेही कबूल करतो.

मोकळे_मैदान

चर्चा चांगली आहे, पण मला एक शंका आहे. आपल्या आया-आज्यांनी घरच्या आणि शेजारच्या लोकांसाठी फराळ केला तेव्हा घड्याळ लावले नव्हते. सगळ्याच गोष्टी तासाच्या दराने मोजू लागलो तर त्यातला जिव्हाळा उरणार नाही. ताईंना पैशाची निकड नाही असे त्याच लिहितात. मग समाधान हाच मोबदला का मानू नये?

गिरणगावची_नात

वरच्या प्रतिसादात आज्यांचा उल्लेख आला आहे, म्हणून माझ्या आजीबद्दल लिहिते.

१९७१ साली आजोबांचा उजवा हात गिरणीत मागात सापडला आणि ते घरी बसले. आजी तेव्हा ४४ वर्षांची होती आणि तिने लालबागच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत खाणावळ सुरू केली. कोकणातून आणि घाटावरून आलेले, बायकामुले गावी ठेवून गिरणीत लागलेले २२ जण तिच्याकडे जेवत असत. पाळीप्रमाणे तीन पंगती उठत, त्यामुळे पहिला भात पहाटे साडेचारला चढे आणि शेवटचे ताट रात्री साडेबाराला घासले जाई. चुलीशेजारच्या भिंतीवर प्रत्येक खानावळ्याच्या नावापुढे कोळशाच्या रेघा असत. जो गावी जाई त्याचे खाडे तेथे मांडले जात आणि महिनाअखेरीस तेवढे पैसे कापले जात. आजीच्या खाड्यांची रेघ त्या भिंतीवर कधी ओढली गेली नाही. तापाने फणफणत असतानाही ती भाकऱ्या थापत होती, हे आई अजून सांगते.

खानावळ्यांचे पैसे पगार झाल्यावर येत, पण वाण्याला पैसे आधी लागत. मधल्या काळात सावकाराकडून व्याजाने काढावे लागे आणि उरलेसुरले त्या व्याजात जाई. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते अशाच खाणावळवाल्या बायांसाठी. राष्ट्रीयीकृत बँकांनी या बायांना कर्ज द्यावे म्हणून त्या भांडल्या आणि बायांनी एकमेकींच्या जबाबदारीवर कर्जे घेऊन ती फेडली. प्रेमाताई स्वतः गोवा मुक्तिसंग्रामातून आणि कामगार चळवळीतून आलेल्या होत्या आणि मंडळ उभे राहिले तेव्हा चाळिशीच्या होत्या. माझी आजी मंडळाची सभासद झाल्यावर पहिल्यांदा बँकेच्या पायऱ्या चढली, आणि तेथे तिला विचारण्यात आले की तुमचा व्यवसाय काय. तिने 'घरकाम' असे सांगितले. बावीस माणसांचे तीन पाळ्यांत जेवण रांधणारी बाई. बरोबरच्या कार्यकर्तीने ते खोडून 'खाणावळ' असे लिहायला लावले.

पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि खानावळ्यांकडची येणी बुडाली. काही जण गावाहून वर्षांनंतर येऊन पैसे देऊन गेले. काही आलेच नाहीत. आजीने त्या काळात कोणालाही ताटावरून उठवले नाही, तेव्हा जिव्हाळ्याबद्दल मोकळे_मैदान यांनी निश्चिंत राहावे. परंतु तिच्या हाताखाली कांदा चिरणाऱ्या शेजारणीला रोजचे पैसे मिळत होते आणि तिला स्वतःला मिळत नव्हते, ही गोष्ट तिने म्हातारपणी, औषधासाठी मुलापुढे हात पसरावा लागला तेव्हा, एकदाच बोलून दाखवली.

याच्या उलट रीत पाहायची असेल तर लिज्जतची पाहावी. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन तो उद्योग सुरू केला हे बहुतेकांना माहीत असते. त्यातली 'वणाई'ची पद्धत मात्र कोणी सांगत नाही. भिजवलेले पीठ घरी न्यायचे आणि लाटलेले पापड दुसऱ्या दिवशी आणून द्यायचे, की किलोच्या हिशेबाने लाटण्याची मजुरी तेथेच हातावर पडते. नफ्याची वाटणी हा त्यानंतरचा भाग असतो.

चिंचेचा_पार (६ जून)

सर्वांचे आभार. जुनी_खातेवही काका, चालू खात्याचा अर्ज आणला आहे. गिरणगावची_नात, तुमचा प्रतिसाद मी यजमानांना मोठ्याने वाचून दाखवला.

मोकळे_मैदान, समाधान मला मिळतेच. वाण्याने डाळ देताना ते मोबदला म्हणून घेतले असते तर माझीही हरकत नव्हती.

२१५ तास कोठे गेले ते मुलीने पुन्हा मांडायला सांगितले. धान्य निवडणे, धुणे आणि पंचांवर सावलीत वाळवणे यांत ५८ तास, भाजण्यात ८२, गिरणीत ३१, चाळणे, वजन करणे आणि पाकिटे बंद करणे यांत २६ आणि पोहोचवण्यात १८. भाजण्याला इतका वेळ लागतो, कारण तांदूळ, हरभरा डाळ, उडीद आणि मूग यांची आच वेगवेगळी असते आणि लोखंडी कढईत एका वेळी किलोभरच नीट भाजले जाते. उडदाचा वास सुटला तरी मध्यभागी तो कच्चा असतो, म्हणून दोन दाणे दाताखाली धरून पाहावे लागतात. गिरणीतले ३१ तास म्हणजे निव्वळ थांबणे आहे. मिरचीनंतर भाजणी दळता येत नाही, म्हणून पाळी येऊनही ती सोडावी लागते.

दोन_नंबरची_चाळणी

मी डोंबिवलीत नऊ वर्षांपासून भाजण्या, मेतकूट आणि उपवासाची पिठे करते. सुरुवात केली तेव्हा ४८ वर्षांची होते. आपल्या धंद्यातले आहे म्हणून जरा स्पष्ट लिहिते, राग मानू नये.

२१५ तासांना ८६ किलो म्हणजे किलोला अडीच तास. तुमचा मजुरी सोडून खर्च किलोला १८० रुपये आहे. म्हणजे किलोचे काम तुम्ही एका तासात आणले तर १८० आणि ८० मिळून २६० होतात, आणि तो तुमचा आत्ताचाच भाव आहे. त्यामुळे ३८० रुपये मागावेत की मागू नयेत यावर घरात वाद घालण्याआधी ते दीड तास कोठून काढता येतील ते पाहा. गिरणीवाल्याशी आठवड्यातला एक दिवस ठरवून घ्या. सकाळी गिरणी उघडताच, आधी आपलेच किलोभर तांदूळ दळून जाते साफ करून घ्यायचे आणि मग भाजणी टाकायची. तेवढ्यावर तीसपैकी पंचवीस तास वाचतात. भाजण्यासाठी फिरत्या पिंपाचा रोस्टर मिळतो. आधी कोणाकडे तरी भाड्याने वापरून पाहा, लगेच विकत घेऊ नका. आपल्या कढईचा खमंगपणा त्याला पहिल्या दिवशी येत नाही, आच आणि वेळ दोन्ही पुन्हा बसवावी लागतात.

मात्र तुमच्या हिशेबातले गॅसचे २,७०० रुपये चुकीचे आहेत. तो घरगुती १४.२ किलोचा लाल सिलिंडर असणार, आणि तो व्यवसायाला वापरता येत नाही. व्यवसायासाठी १९ किलोचा निळा सिलिंडर घ्यावा लागतो आणि तो किलोमागे महाग पडतो. अन्न नोंदणीही लागेल. मी २०२१ साली ती नव्याने केली तेव्हा वर्षाच्या १२ लाखांच्या आतल्या उलाढालीला परवाना न लागता साधी नोंदणी पुरत होती आणि तिचे वर्षाचे शुल्क १०० रुपये होते. तिचा चौदा आकडी क्रमांक पाकिटावर हवा. शिवाय घटक, निव्वळ वजन, तयार केल्याचा महिना आणि वर्ष, कधीपर्यंत वापरावे, किंमत, आपला पत्ता आणि तक्रारीसाठी फोन. सगळे धरून तुमचा भाव ३०० च्या वर जाईल असा माझा अंदाज आहे. जाऊ द्या. माझी काही गिऱ्हाइके गेली, ती ज्यांना फुकटच हवे होते अशीच बहुतेक होती.

काळा_कोट_५५

या धाग्याला माझा एक आक्षेप आहे. उशिरा काम सुरू करणारी बाई म्हटली की आपली गाडी पापड, लोणची आणि भाजणीवरच का थांबते? स्वयंपाक येतो म्हणून स्वयंपाकाचाच धंदा करायचा, हा आपण स्वतःवर लादलेला नियम आहे. धागाकर्तीचा राग म्हणून हे लिहीत नाही. त्या रसायनशास्त्राच्या पदवीधर आहेत हे त्यांनी पहिल्याच ओळीत लिहिले आणि नंतर कोणीच त्याबद्दल विचारले नाही, म्हणून लिहिते.

मी ४९ व्या वर्षी विधी महाविद्यालयात तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला आणि ५२ व्या वर्षी सनद घेतली. प्रवेश परीक्षेला वयाची वरची मर्यादा आड आली नाही. एके काळी वकिलीलाच ती घालण्यात आली होती: ४५ वर्षे पूर्ण झालेल्यांना सनद देऊ नये असा नियम भारतीय विधिज्ञ परिषदेने केला होता आणि सर्वोच्च न्यायालयाने तो १९९५ साली रद्द केला. आता सनद घेऊ इच्छिणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे, की नोंदणीसाठी खुल्या गटातून ७५० रुपयांहून अधिक शुल्क घेता येणार नाही असा निकाल जुलै २०२४ मध्ये झाला आहे.

अडले ते पुढे. माझे पहिले वरिष्ठ माझ्याहून चौदा वर्षांनी लहान होते. पंचविशीच्या ज्युनिअरला ते दरमहा काही रक्कम देत असत. मला आठ महिने काहीच दिले नाही, आणि विचारल्यावर म्हणाले, "मॅडम, तुम्हाला काय गरज, तुम्ही तर अनुभवासाठी आलात ना?" तो मुलगा आणि मी एकाच कपाटातल्या फायली घेऊन तेच जिने चढत होतो, आणि माझे गुडघे त्याच्याहून सत्तावीस वर्षांनी जुने होते. मी ते कार्यालय सोडले. आज माझे स्वतःचे टेबल आहे, कौटुंबिक न्यायालयातली कामे जास्त येतात, आणि पहिल्या भेटीचेही शुल्क मी घेते. म्हणजे आक्षेप घेऊन मी शेवटी धागाकर्तीच्याच प्रश्नापाशी आले, हे लिहिता लिहिता लक्षात आले.

तिसरा_पेपर

काळा_कोट_५५ यांच्या मुद्द्याला जोड म्हणून. रसायनशास्त्रच असेल तर पेटंट एजंटची, म्हणजे लोकांच्या शोधांच्या पेटंटचे अर्ज तयार करून चालवणाऱ्याची, परीक्षा हाही मार्ग आहे. विज्ञानाची पदवी आणि वय २१ पूर्ण एवढी अट असते, वरची मर्यादा नाही. दोन लेखी पेपर आणि एक तोंडी परीक्षा. प्रत्येक लेखी पेपरात ५० टक्के आणि एकूण ६० टक्के लागतात. मी केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या महिला शास्त्रज्ञ योजनेतून पेटंटचे वर्षभराचे प्रशिक्षण ४३ व्या वर्षी घेतले. ते विद्यावेतनासह होते, आणि १६ वर्षांच्या खंडानंतर स्वतःच्या नावाने आलेली ती पहिली रक्कम होती. हे काम घरून करता येते. डोळे मात्र जातात.

बंद_शटर

यशाच्या गोष्टी वाचल्या, आता एक दुसरी.

मी ४९ व्या वर्षी पुण्यात पोळीभाजी केंद्र काढले आणि १४ महिन्यांनी बंद केले. पहिले सहा महिने सोसायटीच्या तळमजल्यावर एक लहानसा गाळा होता. रोज दीडशे पोळ्या आणि दोन भाज्या जात. मदतीला एक बाई होती, बाकी सगळे मी करत असे. महिन्याला नऊ हजारांच्या आसपास शिल्लक राही, त्याला आम्ही सगळे नफा म्हणत होतो. त्या नफ्याच्या भरवशावर यजमानांच्या निवृत्तीच्या रकमेतले चार लाख घालून रस्त्यावरचे मोठे दुकान घेतले. पोळ्या तीनशेवर गेल्या. तेवढ्या माझ्याने होईनात, म्हणून लाटायला आणखी दोन बायका ठेवल्या, आणि त्यांचा पहिला पगार दिल्याबरोबर नफा नाहीसा झाला. तो नफा कधी नव्हताच. ती माझी न घेतलेली मजुरी होती, आणि तीही रोजच्या दहा तासांची. पहिल्या दिवसापासून मी ती वहीत लिहिली असती तर मोठे दुकान घेण्याचा विचारच केला नसता, किंवा पोळीचा भाव तरी आधीच वाढवला असता.

गौरी-गणपतीला दोघी बायका गावी गेल्या. त्या चार दिवसांत मी एकटीने रोज पावणेतीनशे पोळ्या लाटल्या. रजोनिवृत्तीचे दिवस होते; तव्यापुढे उभे असताना आतून अशी आग उठे की पदर ओला करून मानेवर ठेवावा लागे. पाचव्या दिवशी मनगट सुजून पोळपाट धरता येईना. वयाबद्दल विचारले आहे म्हणून सांगते, की पन्नाशीत डोके पूर्वीपेक्षा चांगले चालते, पण शरीराला राखीव माणूस लागतो, आणि त्या राखीव माणसाचे पैसे पहिल्यापासून भावात बसवावे लागतात. दुकान बंद केल्यावर घरात कोणी रागावले नाही. "हौस तर झाली" असे म्हणाले. त्यांना राग आलेला मला चालला असता.

हिंगण्याची_वाट

बंद_शटर, तुमच्या प्रतिसादाला लगेच उत्तर द्यावेसे वाटले नाही, दोन दिवस थांबले.

पार्वतीबाई आठवले यांची आठवण झाली. विसाव्या वर्षाच्या सुमारास वैधव्य आलेल्या, वयाची पंचविशी उलटल्यावर लिहाय-वाचायला शिकलेल्या आणि पुढे महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेसाठी गावोगाव निधी जमवणाऱ्या या बाई १९१८ साली, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, एकट्या अमेरिकेला गेल्या. इंग्रजी येत नव्हते. तेथे त्यांनी लोकांच्या घरी घरकाम करून पोट भरले, भाषा शिकल्या आणि संस्थेसाठी पैसे आणले. येथे ज्या कामाला कोणी काम म्हणत नव्हते, त्याच भांडी-केराचे तेथे ठरलेले पैसे मिळतात, हे त्यांनी त्या वयात अनुभवले असणार.

चिंचेचा_पार (२२ सप्टेंबर)

साडेतीन महिन्यांनी परत येते आहे, क्षमस्व. काय घडले ते लिहिते.

काळा_कोट_५५ आणि तिसरा_पेपर यांचे प्रतिसाद वाचून आठवडाभर विचार केला आणि भाजणीच करायची असे ठरवले. प्रयोगशाळेतली सवय कामाला आली. आता प्रत्येक घाण्याची वेळ, आच आणि वजनातली घट यांची नोंद करते.

मिरजेत शेंगदाणे भाजून विकणाऱ्या एका कारखानदाराचा रोस्टर तासाच्या भाड्याने घेतला. पहिल्या दिवशी बारा किलो डाळ-तांदूळ भाजून आणले, दळले, आणि चकली तळल्यावर तिला शेंगदाण्याचा वास. सगळी भाजणी घरातच थालिपिठाला संपवली, अजून थोडी आहे. आता आधी दोन किलो जाड तांदूळ त्यात फिरवून पिंप साफ करून घेते आणि ते तांदूळ वेगळे काढते. गिरणीवाल्याने बुधवारची सकाळ ठरवून दिली आहे. किलोचे काम अडीच तासांवरून एक तास पंचवीस मिनिटांवर आले. एका तासावर ते अजून आलेले नाही.

सिलिंडर निळा घेतला, अन्न नोंदणी आणि उद्यम नोंदणी झाली, कर्ज अजून काढलेले नाही. भाव ३४० केला. नेहमीच्या ३१ घरांपैकी ७ घरांनी घेणे बंद केले, त्यांतले एक माझ्या नणंदेचे आहे. नवी ११ मिळाली. निवडायला आणि पाकिटे भरायला शेजारच्या गल्लीतल्या एक ताई तासाला ८० रुपयांनी येतात, आणि बंद_शटर यांनी लिहिले तसे त्या राखीव माणूस म्हणूनही शिकून तयार होत आहेत. यजमान बुधवारी गिरणीत जाऊन बसतात. त्यांचे तासही मुलीने ८० च्या दराने वहीत लावायला सांगितले, तेव्हापासून त्यांचे गिरणीतले काम फार लवकर आटोपते.

ऑगस्टअखेर व्यवसायाच्या खात्यातून माझ्या बचत खात्यात ३,०४० रुपये वळते केले, ३८ तासांचे. कशासाठी म्हणून लिहायच्या रकान्यात काका सांगतात तसे 'उचल' असे लिहायला हवे होते, पण मी 'मजुरी' लिहिले.

आता एक अडचण आहे. दिवाळीसाठी नवी लेबले छापायची आहेत आणि छापखानावाला एका नमुन्याची किमान हजार लेबले घ्यायला सांगतो. महिना आणि वर्ष त्यावर छापून घेतले तर उरलेली वाया जातील. तो मजकूर रबरी शिक्क्याने मारला तर चालतो का?

दोन_नंबरची_चाळणी

चालतो. मी तसाच मारते. लेबलावर त्यासाठी कोरी चौकट सोडून घ्या आणि साधी शाई वापरू नका. प्लॅस्टिकवर ती बोटाने पुसली जाते, आणि पुसलेली तारीख म्हणजे तारीख नसल्यासारखेच आहे. लवकर वाळणारी, न पुसणारी शाई शिक्केवाल्याकडेच मिळते. शिक्का मारल्यावर पाच मिनिटे पाकिटे एकावर एक ठेवू नका. आणि शेंगदाण्याच्या रोस्टरमधून भाजणी जाते आहे, तेव्हा हजार लेबले छापण्याआधी घटकांच्या खाली 'शेंगदाण्याचा अंश असू शकतो' ही ओळ घालायला विसरू नका.